गणिताची गोळी

चंचल मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधाचा इतिहास डोकेदुखीपासून सुरू होतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात जॉर्ज ब्रॅडली नावाचे एक धनिक होते. त्यांची मुलगी एमा सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वराने गाठलं. जीव वाचला, पण ती पुन्हा पूर्वीची एमा झाली नाही. तिच्यावर नीट उपचार होतील असं ठिकाण आईबापांना सापडेना. शेवटी त्या दोघांनी आपली मिळकत अशाच मुलांच्या रुग्णालयासाठी लिहून ठेवली आणि त्यांच्या पश्चात, १९३१ साली, ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये ‘एमा पेंडलटन ब्रॅडली होम’ उघडलं. केवळ लहान मुलांसाठी असलेलं अमेरिकेतलं ते पहिलं मनोरुग्णालय.

काही वर्षांत त्याच घराण्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली तिथले प्रमुख झाले. वागणुकीच्या तक्रारींसाठी आणलेल्या मुलाच्या मेंदूत काही बिघाड आहे का, हे पाहायला तेव्हा एक फार त्रासदायक तपासणी करावी लागे. पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि क्ष-किरणांनी फोटो घ्यायचा. नंतर मुलं डोकं धरून बसायची. ब्रॅडलींना वाटलं, काढलेलं पाणी शरीराने लवकर भरून काढलं तर ठणका कमी होईल. त्यासाठी शरीराला चालना देणारं म्हणून त्यांनी बेंझेड्रिन दिलं. हे ॲम्फेटामाइन जातीचं उत्तेजक औषध. त्या काळी चोंदलेल्या नाकावर हुंगण्यासाठी ते अमेरिकेत दुकानांतून सहज मिळत असे.

डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही. पण रुग्णालयातल्या शाळेतून वेगळीच बातमी आली. जी मुलं बाकावर दोन मिनिटं टिकत नव्हती, ती वही पुढे ओढून गणितं सोडवत होती. शिक्षकांनी हे आधी हेरलं, डॉक्टरांनी नंतर. या सगळ्या हकिकतीत मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आजही या मुलांच्या बाबतीत पहिली खरी नोंद बहुतेक वेळा शिक्षकाचीच असते.

ब्रॅडलींनी मग पद्धतशीर पाहणी केली. ५ ते १४ वर्षांची ३० मुलं घेतली, २१ मुलगे आणि ९ मुली. सगळ्यांची बुद्धी सर्वसाधारण, सगळी वागणुकीच्या कारणाने दाखल झालेली. एक आठवडा रोज सकाळी गोळी, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या आठवड्यात नुसतं निरीक्षण. १४ मुलांच्या अभ्यासात पाहणारा थक्क होईल इतका फरक पडला. निम्मी मुलं स्वभावाने निवळली, भांडणं कमी झाली. काहींना मात्र जराशा कारणाने रडू यायला लागलं, आणि काहींवर म्हणावा तसा परिणाम झाला नाही. मुलांनी आपसात या गोळ्यांना नाव ठेवलं होतं: गणिताच्या गोळ्या. ब्रॅडलींचा निबंध नोव्हेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात छापून आला. त्यांनी त्यात गाजावाजा केला नाही. उत्तेजक औषधाने मुलं शांत व्हावीत हे विपरीत दिसतं, असं त्यांनी स्वतःच म्हटलं. आणखी एक गोष्ट नोंदवली: फरक पहिल्या दिवशी दिसला आणि गोळी थांबली त्या दिवशी ओसरला.

ही शेवटची नोंद पुढे अनेकांच्या नजरेतून निसटली. गोळीने त्या मुलांना गणित शिकवलं नव्हतं. काही तास वहीसमोर बसण्याची मुभा दिली होती. त्या तासांत समोर चांगला शिक्षक होता म्हणून गणितं सुटली.

त्याच १९३७ साली मुंबईत, नागपाड्याजवळ, दुसरी एक गोष्ट सुरू झाली. आदल्याच वर्षी क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालं होतं, जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं. या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडलं, आणि ते देशातलं पहिलं मानलं जातं. शाळा बुडवणारी, चोऱ्या करणारी, घरातून पळणारी, वर्गात कुणाला बसू न देणारी मुलं तिथे आणली जात. केंद्राची रीत अशी की मुलाला एकट्याला तपासून सोडायचं नाही. मानसतज्ज्ञाने त्याची बुद्धी आणि कल जोखायचा, मनोविकारतज्ज्ञाने तपासायचं आणि समाजकार्यकर्त्याने त्याच्या घरी जायचं. खोली केवढी आहे, त्यात झोपतात किती जण, बाप कामावरून कधी येतो, आई कुणाशी बोलते, हे पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नसे. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीआड न जाता साध्या रुग्णालयात मनाची तक्रार सांगता येण्याची ती मोठी सोय होती.

म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा निघाल्या. एक गोळीची, एक घरात जाऊन बसण्याची. पुढची कित्येक वर्षं त्या एकमेकींकडे पाठ करून चालल्या, आणि या मुलांच्या नशिबी जे हाल आले त्यांतले बरेचसे या दुराव्यातून आले, असं माझं मत आहे. अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर असल्यामुळे ब्रॅडलींचा निबंध पंचवीसेक वर्षं जवळजवळ कुणी हातात घेतला नाही. मूल बेभान वागतं याचा दोष आईच्या वागण्यात शोधला जात होता. आपल्याकडे बालमार्गदर्शन केंद्रं शहरांपलीकडे गेली नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या लोणंदसारख्या गावापर्यंत यांपैकी काहीच पोचलं नाही. खरं तर लोणंद काही आडवळणाचं गाव नाही. पुणे-मिरज लोहमार्ग गावातून जातो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते ती इथेच मुक्कामाला येते आणि इथून तरडगावकडे निघते, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. कांद्याच्या बाजारासाठी गावाचं नाव राज्यभर आहे. माल पुण्या-मुंबईला जात होता, माणसं गिरणीत कामाला जात होती. पण मुलाच्या मनाचा दवाखाना ही वस्तू त्या रुळांवरून उलट्या दिशेने आली नाही.

येणार तरी कशी? १९३७ साली या भागात प्रश्न मूल वर्गात टिकतं की नाही हा नव्हताच. मूल शाळेत येतं की नाही हा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. बहुजनांच्या पोरांना अक्षराशी गाठ घालून द्यायची एवढ्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. मेंढरांमागे जाणारं, कांद्याच्या खळ्यावर आईला मदत करणारं पोर अतिचंचल आहे का, हे त्या कामात कुणाला कळणार? त्या कामाला पळणारी, चढणारी, क्षणात इकडून तिकडे जाणारी पोरं चालतच होती. म्हणून ‘पूर्वी असलं काही नव्हतं’ हे वाक्य अजून गावोगाव ऐकू येतं. ते मला पटत नाही. अशी मुलं होती. ती विहिरीत पडायची, बैलगाडीच्या चाकाखाली हात घालायची, झाडावरून कोसळायची. अतिचंचल मुलांना अपघात जास्त होतात हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. तेव्हा गाव त्याला नशीब म्हणत होतं. उरलेल्यांनी दुसरी-तिसरीत शाळा सोडली आणि त्यांची नोंद ‘गळती’ या एका रकान्यात झाली.

जी शाळेत टिकली त्यांच्या वाट्याला छडी आली. ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उन्हात बसवणं. घरी दृष्ट काढली जाई, अंगारा लावला जाई, कुणी देवऋषाकडे नेई. त्या आईबापांना दोष द्यायची माझी तयारी नाही. त्यांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी केलं, आणि बहुतेकांनी मायेने केलं. छडीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. मेंदूला जो थांबा लावता येत नाही तो पाठीवर मारून लागत नाही. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला कायद्याने बंदी यायला शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाची, म्हणजे २०१० सालच्या एप्रिलची, वाट पाहावी लागली.

छडीच्या त्याच जुन्या काळात मराठी मुलखातच एक तिसरी गोष्ट घडत होती आणि चंचल मुलांच्या इतिहासात तिचं नाव कुणी घेत नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यायची, असं त्यांनी ठरवलं. अंगणात भरणारी अंगणवाडी तिथली, आणि गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळाही तिथली. शिकताना मूल हलणार, उठणार, हातात काही धरणार, हे त्या पद्धतीत गृहीतच होतं. दगड, शंख, पानं, बिया ही साधनं. आज अतिचंचल मुलांच्या पालकांना तज्ज्ञ जे सांगतात, की काम छोट्या तुकड्यांत द्या, मध्ये हालचाल करू द्या, हाताला काम द्या, चांगलं केलं की लगेच शाबासकी द्या, त्यातलं बरंचसं कोसबाडला रोज घडत होतं. ताराबाईंनी ही मुलं वेगळी काढून त्यांना आजाराचं नाव दिलं नाही. पण ज्याचं मन कुरणातही दोन क्षण ठरत नाही असं मूल असतंच. त्याच्यासाठी पद्धत पुरत नाही. तिथे औषधाची गोष्ट पुन्हा सुरू होते.

१९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात, सिबा कंपनीत, लिआंद्रो पॅनिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट हा पदार्थ तयार केला. त्याच्या बायकोचा, मार्गरीटचा, रक्तदाब कमी असायचा. टेनिस खेळण्याआधी ती हे औषध घेऊन पाही आणि तिला तरतरी येई. तिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून औषधाचं नाव रिटालिन पडलं. १९५० च्या दशकात ते बाजारात आलं ते थकवा आणि मरगळ आलेल्या मोठ्या माणसांसाठी. मुलांकडे ते वळलं १९६० च्या दशकात, बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतल्यावर. कॉनर्सनी पुढे १९६९ मध्ये शिक्षकांनी भरायची एक प्रश्नावली तयार केली. ब्रॅडली होमच्या शिक्षकांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते आता मोजता येऊ लागलं.

दुखण्याचं नाव मात्र स्थिर राहीना. मेंदूला सूक्ष्म इजा, मग मेंदूच्या कार्यात सूक्ष्म दोष, १९६८ मध्ये बालपणातली अतिचलनाची प्रतिक्रिया, १९८० मध्ये अवधानाची उणीव, आणि १९८७ मध्ये आज आपण ज्याला एडीएचडी म्हणतो ते. नावं बदलण्यामागे एक खरा शोध होता. कॅनडातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ च्या सुमारास दाखवून दिलं, की धावपळ ही वरवरची खूण आहे. मूळ अडचण लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात आहे. त्यामुळे शांत बसून खिडकीबाहेर हरवणाऱ्या मुलीही या निदानात आल्या. आपल्याकडे अजून त्या सुटून जातात, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत.

१९७० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वादळ उठलं. ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांपैकी शेकडा पाच ते दहा जणांना अशी औषधं दिली जातात, असं वॉशिंग्टन पोस्टने छापलं. आकडा फुगलेला होता हे नंतर स्पष्ट झालं, पण तोवर संसदेच्या समितीसमोर सुनावणी झाली होती. गरीब आणि काळ्या मुलांना गप्प बसवायला गोळ्या वापरल्या जात आहेत, ही भीती तेव्हापासून घर करून राहिली. ती भीती निराधार म्हणता येणार नाही. जिथे वर्गात साठ मुलं आहेत तिथे गोळी हा शिक्षकाचा आणि सरकारचा खर्च वाचवणारा उपाय होऊ शकतो.

दुसऱ्या बाजूला हीच औषधं मोठी माणसं नशेसाठी वापरू लागली होती. स्वीडनने १९६८ मध्ये मेथिलफेनिडेटवर बंदीच घातली. १९७१ मध्ये व्हिएन्नात मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि मेथिलफेनिडेट त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, कडक नियंत्रणाखाली, गेलं. भारत या कराराला बांधील झाला आणि १९८५ मध्ये आपला अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस, आला. मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या त्याच्या यादीत मेथिलफेनिडेटही आहे. कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर १९८५ रोजी. त्या दिवशी बालदिन होता. गर्द आणि अफूच्या धंद्याला आळा घालणारा कायदा हवाच होता. पण त्याच जाळ्यात एका मुलाची सकाळची गोळी अडकली, आणि गावातल्या औषध दुकानदाराने ती ठेवू नये यातच शहाणपण, अशी स्थिती झाली.

औषधाबद्दलचा एक गैरसमज याच काळात पुसला जायला हवा होता, तो अजून शाबूत आहे. ही गोळी घेऊन मूल शांत झालं म्हणजे त्याला हा आजार होता हे सिद्ध झालं, असं पुष्कळ पालक धरून चालतात. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कसलीही तक्रार नसलेल्या १४ मुलग्यांना ॲम्फेटामाइन दिलं. तीही कमी हलली, त्यांचंही लक्ष जास्त टिकलं. म्हणजे गोळीने पडलेला फरक हा निदानाचा पुरावा होऊ शकत नाही. निदान मुलाच्या सगळ्या इतिहासावरून करायचं असतं: घरी कसं, शाळेत कसं, किती वर्षांपासून, ऐकू नीट येतं का, झोप पुरते का, घरात मारहाण आहे का. १९३७ च्या मुंबईतल्या त्या समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन जे विचारलं असेल तेच हे प्रश्न.

दोन्ही वाटा एकत्र चालल्या तर काय होतं याची मोठी कसोटी १९९० च्या दशकात अमेरिकेत झाली. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने. काहींना बारकाईने मात्रा ठरवलेलं औषध, काहींना फक्त वर्तन-उपचार, म्हणजे पालकांचं प्रशिक्षण, शिक्षकांशी सल्लामसलत आणि उन्हाळी शिबिर, काहींना दोन्ही, आणि काहींना गावात नेहमी मिळतो तो उपचार. डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष आले. चंचलपणा आणि लक्ष या मूळ लक्षणांवर औषध स्पष्टपणे सरस ठरलं. पण ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना औषध कमी मात्रेत पुरलं, आणि आईबाप जास्त समाधानी होते. २००७ मध्ये तीन वर्षांनंतरचा हिशेब छापून आला, तेव्हा चारही गटांतला फरक जवळजवळ मिटलेला होता. सतत औषध घेणाऱ्या मुलांची उंची दोनेक सेंटीमीटर कमी भरली होती. औषधाच्या विरोधकांनी हे उचलून धरलं, समर्थकांनी कानाआड केलं. मला त्यातून ब्रॅडलींची जुनी नोंदच पुन्हा ऐकू येते. गोळी ज्या दिवशी आहे त्या दिवशी आहे. त्या दिवसाचं काय करायचं हे घराने आणि शाळेने ठरवायचं.

औषध काम कसं करतं हेही आता बरंच कळलं आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींकडे निरोप पाठवताना डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. मेथिलफेनिडेट ही परत ओढण्याची क्रिया मंदावतं, त्यामुळे निरोप थोडा जास्त वेळ टिकतो. साध्या गोळीचा असर तीन-चार तास. भूक मरते, झोप लांबते, नाडी थोडी वाढते. सकाळी गोळी घेणाऱ्या मुलाचा डबा दुपारी तसाच परत येतो आणि संध्याकाळी पोर चुलीपाशी येऊन बसतं. म्हणून जाणते डॉक्टर आईला सांगतात, गोळीआधी पोटभर न्याहारी घालायची आणि रात्रीचं जेवण भरपूर ठेवायचं. भाकरी-दूध, शेंगदाण्याचा लाडू, अंडं, जे परवडेल ते.

महाराष्ट्राने एक गोष्ट इतरांच्या आधी केली. १९९६ पासून राज्यात लेखन-वाचन-गणितात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हा विषय घराघरात नेला. अतिचंचल मुलांपैकी अनेकांना अध्ययन अक्षमताही असते, त्यामुळे काहींना त्या वाटेने आधार मिळाला. नुसता एडीएचडी असलेलं मूल मात्र मधल्या मध्ये राहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मोजल्या आहेत, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आहेत, एडीएचडीचं नाव नाही.

आणि मग फेब्रुवारी २०१३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ पालघरला झाला. कोसबाडची टेकडी तिथून फार दूर नाही. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये कोणते दोष शोधायचे याची तीसेक नावांची यादी या कार्यक्रमात ठरली, आणि हृदयदोष, फाटलेला टाळू, रक्तक्षय यांच्या जोडीला तीत एडीएचडी हे नाव आलं. एक पुरुष डॉक्टर, एक स्त्री डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीतून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणार, संशयित मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवणार. ब्रॅडलींच्या निबंधानंतर शहात्तर वर्षांनी हे दुखणं जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासण्याजोगं ठरलं. जगभरच्या अभ्यासांचा २००७ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असल्याचं दिसलं होतं. तो धरला तर चाळीसच्या वर्गात दोन मुलं. लोणंद आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या जवळपास प्रत्येक शाळेत ती असणार.

पण यादीत नाव येणं आणि हातात उपचार पडणं यांत मोठं अंतर आहे. पथकाचा एक दिवस, पटावर दोनशे मुलं. दात, डोळे, वजन, हिमोग्लोबिन बघता बघता दिवस मावळतो. हृदयाची खरखर नळीने ऐकू येते, पण लक्ष टिकत नाही हे नळीने कळत नाही. अनोळखी डॉक्टरसमोर बरीच अतिचंचल मुलं दहा मिनिटं अगदी शहाण्यासारखी बसतात. इथे पुन्हा गुरुजींचा आणि बाईंचा शब्द लागतो. ‘पोरगं हुशार आहे हो, पण बुड टेकत नाही’ हे वाक्य कुठल्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातं, पथकाने ते विचारलं आणि लिहून घेतलं तर.

पुढे चिठ्ठी घेऊन सातारा गाठायचं, एसटीने पन्नासेक किलोमीटर, नाही तर रेल्वेने पुणे. आईचा कांदा निवडण्याचा रोज बुडतो, बापाची एमआयडीसीतली पाळी बुडते. मुलांच्या मनोविकारांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. गोळी नियंत्रित यादीतली, म्हणून चिठ्ठी नवी हवी आणि ती ठेवणारं दुकानही शोधायला हवं. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तोच फेरा. दोन-तीन फेऱ्यांनंतर अनेकांचं येणं थांबतं, आणि कागदावर लिहिलं जातं की पालकांनी उपचार सोडला. मला या वाक्याचा राग येतो. पालकांनी उपचार सोडलेला नसतो, उपचार त्यांच्यापासून पन्नास किलोमीटरवर थांबलेला असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताना केंद्र सरकारने फोनवरून, व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम प्रसिद्ध केले. हे दुखणं असलेल्या गावाकडच्या मुलांसाठी याहून सोयीची गोष्ट नव्हती. पण एनडीपीएस कायद्याच्या यादीतली औषधं दूरसल्ल्यावर लिहून द्यायला त्याच नियमांनी मनाई केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीत बोलणारं माणूस मिळतं, धीर मिळतो, कुठे जायचं ते कळतं. ही थोडीथोडकी सोय नव्हे. १९३७ ची मुंबईची वाट त्या फोनवरून आता लोणंदपर्यंत आली आहे. गोळीची वाट मात्र साताऱ्याच्या अलीकडे येऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मेथिलफेनिडेट घालावं असा प्रस्ताव २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आला. दोन्ही वेळा तज्ज्ञ समितीने नाकारला. दीर्घकाळच्या फायद्याचा पुरावा अपुरा आणि साध्या आरोग्य केंद्रांत देखरेख ठेवण्याची क्षमता नाही, असा सूर होता. पहिल्या कारणाचा मी आदर करतो, २००७ चा हिशेब समोर आहे. दुसरं कारण मला पटत नाही. या औषधावर देखरेख म्हणजे काय करायचं असतं? ठरावीक काळाने मुलाचं वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब, झोपेची व जेवणाची चौकशी, आणि शिक्षकाने भरून दिलेला एक कागद. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि रक्तदाबाचं यंत्र कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं. आशाताई त्या मुलाच्या घरी तशाही जातात, पोलिओच्या डोसाला, बाळंतिणीच्या चौकशीला. पहिलं निदान साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या तज्ज्ञाने समोर बसवून करावं, मात्रा त्यानेच ठरवावी. पुढचे अकरा महिने गोळी आणि मोजमाप गावातल्या केंद्रातून, आणि तज्ज्ञाची नजर फोनवरून. यासाठी नवं रुग्णालय बांधायला नको. दूरसल्ल्याच्या नियमात एक अपवाद लिहायला हवा, की आधी प्रत्यक्ष तपासलेल्या आणि नोंद असलेल्या मुलासाठी हेच औषध पुढे चालू ठेवण्याची मुभा असावी, आणि त्याचा साठा व हिशेब जिल्हा रुग्णालयाने आपल्या केंद्रांकडे द्यावा.